लोहारबाईंची पाटी

प्रिय बाळ्या,

आठ महिने पत्र नाही, माहितीये, शिव्या नंतर घाल. तब्येत ठीक, गोळ्या चालू.

झालं असं की इथे झेकमध्ये, ब्रनो शहरात, आमच्या स्टोअरमधल्या बाई रिटायर झाल्या. आडनाव कोवार्झोवा, म्हणजे आपल्याकडच्या लोहारच. त्यांच्या नावाची पितळी पाटी करायची होती, नाव मी फाईलीतून काढून पाठवलं. आता त्या 'र्झ'साठी इथे रोमन आर असतो आणि डोक्यावर उलटी टोपी. जुन्या झेक फाईलीत, म्हणजे विंडोज १२५० नावाच्या यादीत (कुठल्या नंबराला कुठलं अक्षर, ते सांगणाऱ्या), तो २४८ नंबरवर बसतो. मी ती फाईल १२५२ म्हणून उघडली, ती पश्चिम युरोपची यादी, आणि तिथे २४८ वर डॅनिश लोकांचा तिरकी काट मारलेला ओ! गंमत बघ, त्याच नावातल्या दोन्ही 'आ'वरच्या तिरक्या रेघा जशाच्या तशा, कारण त्यांचे नंबर दोन्हीकडे सेम. मी रेघा बघितल्या, म्हटलं आहेत सगळे कानेमात्रे, दिलं पाठवून. सगळंच गचाळ दिसलं असतं तर कळलं तरी असतं रे.

बाई हसल्या, म्हणाल्या, चला, जाता जाता डॅनिश झाले! पण पाटी कागदात परत गुंडाळून पिशवीत ठेवली ते मी बघितलं.

आणि साहेबांनी फोन केला कोरणाऱ्या म्हाताऱ्याला. तो सॉरी म्हणाला, फुकट नवीन करून देतो म्हणाला. त्याने मी पाठवलं तेच कोरलं होतं. मी तिथेच उभा, हातात केकची प्लेट, आणि गप्प.

तुझ्या लग्नाची पत्रिका आठवली ना? प्रज्ञावहिनींचं 'प्रक्षा' झालं, नि आपण प्रेसवाल्या काकांचे पैसे कापले. तेव्हाही बाकी अक्षरं बरोबरच होती. फॉन्ट बदलला होता मी. (तू म्हणतोस तसं 'मुद्दाम' नाही हां, बारा वर्षं तेच ऐकतोय. पीडीएफ कर म्हणालो होतो, तू म्हणालास कशाला.)

फाईल दुरुस्त झालीय, नंबर उलटे फिरवले की झालं, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं पडली नव्हती हे नशीब, नाहीतर मूळ नंबरच गेले असते. म्हाताऱ्याचं काय करू? शनिवारी दुकान बारापर्यंत उघडं असतं. 'मोये खिबा' म्हणजे माझी चूक, एवढं झेक पाठ केलंय, त्यात टोपीवालं अक्षर नाही. पैसे देऊ की केक नेऊ? साहेबांना आधी सांगू का? वहिनींना विचार, तुला नाही अक्कल.

नवीन घराचं वाचलं, अभिनंदन, लिफ्ट आहे ना? काकूंचे गुडघे कसे? पोरगी कितवीला यंदा?

शनिवारच्या आत लिही.

तुझाच,
पक्या