१२० ची लूप, १६० चं गाणं

प्रिय समीर,

डेमो ऐकला. गिटार झकास, पण ड्रम्स सॅम्पल-पॅकमधून, म्हणजे तयार ध्वनींच्या संचातून, आणून चिकटवलेले वाटतात. हेडफोन लावून डेव्हिड बोवीचं ‘लिटल वंडर’ ऐक, जानेवारी १९९७ चं सिंगल. ‘जंगल’ या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा वेग आणि त्यावर रीव्ह्ज गॅब्रेल्सची खरखरीत गिटार. तिथे ड्रमर झॅकरी अल्फर्डने स्नेअरच्या (किटमधल्या चरचरीत आवाजाच्या ड्रमच्या) लूप्स, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारे तुकडे, स्वतः वाजवल्या, त्यांचा वेग वाढवून १६० बीपीएमवर (मिनिटाला १६० मात्रा) नेल्या आणि वर पुन्हा अख्ख्या ड्रमकिटवर तो मोकळा वाजला. यंत्राचा ताठपणा आणि माणसाचा हात, दोन्ही ऐकू येतात ते त्यामुळे.

तूही लूप १२० वर वाजवून घे आणि १६० ला ने. टाइम-स्ट्रेच, म्हणजे स्वर न बदलता वेग बदलणारी सोय, मात्र बंद ठेव. स्ट्रेचने स्वर तसाच राहतो, पण ठोक्याची धार बोथट होते. रि-पिच केलंस, म्हणजे टेप जोरात फिरवल्यासारखा वेग वाढवलास, की स्वर साधारण पाच सेमीटोन चढतो आणि ठोक्यामागे रेंगाळणारी शेपूटही आखडते. म्हणून स्नेअर आधीच ढिली लाव: १८० हर्ट्झचा गाभा २४० वर जाईल. नेहमीसारखी ताणलीस तर पत्र्याचा डबा वाजेल. लूप १५० हर्ट्झच्या खाली काप, तिथे किटचा किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) बसू दे.

लूप आणि किट यांच्या स्नेअरमध्ये वीसेक मिलिसेकंदांचं अंतर पडलं की दोन ठोके वेगळे ऐकू येतात. फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचे ठोके सरकव. सगळंच ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या काटेकोर मात्रारेषांना, बांधलंस तर खरा ड्रमर बोलावलास कशाला?

तुझी गिटार गुदमरतेय ती साइडचेनमुळे, म्हणजे प्रत्येक किकला गिटारचा आवाज आपोआप दाबणाऱ्या सोयीमुळे. त्याचा प्रीसेट (तयार सेटिंग) बहुधा हाउस या संथ नृत्यसंगीतासाठी बनवलेला आहे. १२५ ला एक मात्रा ४८० मिलिसेकंदांची, १६० ला ३७५ ची. त्यामुळे गिटार वर येईपर्यंत पुढचा किक पडतो. रिलीज (दाबलेला आवाज परत वर यायचा वेळ) १०० ते १२० मिलिसेकंदांवर आण. गिटारचा रिफ मात्र १६० च्या निम्म्या, ८० च्या चालीतच ठेव, प्रत्येक मात्रेवर कॉर्ड मारत बसू नकोस.

बेस १२० हर्ट्झला दुभाग. डिस्टॉर्शन वरच्या भागालाच, खालचा स्वच्छ आणि मोनो. पूर्ण बेस एकाच पेडलमधून काढलास तर क्लबच्या स्पीकरवर नुसती घरघर उरते.

पुढचा मिक्स २४ बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये पाठव. एमपी३ मध्ये हाय-हॅट चुरगळतात, त्यावरून काही ठरवता येत नाही.

तुझा,
अनिकेत