साडी स्वतः नेसतात का?

अमळनेर, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

सात महिन्यांत एक ओळ नाही, त्याच्या शिव्या भेटल्यावर दे. माझी शुगर बरी आहे. माय नऊ दिवस दवाखान्यात होती, आता घरी आहे.

बिडीला कधी हात लावला नाही तिनं. चाळीस वर्षं पऱ्हाटीच्या धुरात भाकरी थापल्या, सीओपीडीला, म्हणजे फुप्फुसांच्या त्या जुनाट दम्यासारख्या आजाराला, तेवढं पुरलं. या वेळी दम असा लागला की बायपॅपचा, नाकातोंडातून जोरानं हवा ढकलणाऱ्या यंत्राचा, मास्कच चढवला. पहिल्याच रात्री तो पोरगेला डॉक्टर विचारतो, "आजी आंघोळ, साडी स्वतःच्या हातानं करतात?" माय माझ्याकडे टक लावून. मी म्हटलं, हो, सगळं स्वतः. मागे सुमी उभी, जी दिवाळीपासून तिला न्हाऊ घालते, निऱ्या करून देते!

प्रश्न गुणांचा होता, रे. डेकॅफ म्हणतात त्याला, सीओपीडी बळावून भरती झालेला माणूस दगावण्याचा धोका किती, याचा इंग्लंडात ९२० रोग्यांवरून २०१२ साली बसवलेला हिशेब. गुण जास्त तेवढा धोका जास्त. एरवीचा दम, रक्तातल्या इओसिनोफिल पेशी, न्यूमोनियाचा डाग, रक्ताची आम्लता, हृदयाचे वेडेवाकडे ठोके. सगळे मिळून सहा गुण. दमामुळे घराबाहेर पडवत नसेल तर एक, आंघोळीला आणि कपड्यांनाही माणूस लागला तर दोन. इओसिनोफिल घटल्याचा मायला एक होताच. म्हणजे माझ्या तोंडी दोन, सुमीच्या तोंडी तीन. त्या अभ्यासात दोनवाले शंभरात आठ दवाखान्यातच दगावले, तीनवाले चोवीस. एका 'हो'त मी सोळा माणसं वाचवली, बघ!

सकाळी जिन्यात गाठून डॉक्टरला खरं सांगितलं. "औषधं तीच, लक्ष जास्त ठेवू," म्हणाला.

अण्णांच्या वेळी तू आकडे दाबलेस म्हणून जळगाव स्टेशनवर मी तुला भित्रा म्हणालो होतो. चहाचे पैसेही तूच दिलेस, ते वेगळं. शब्द मागे घेत नाही, भित्रा होतासच. आता दोघे आहोत.

ओठांचा चंबू करून श्वास सोडायला शिकवायला एक मुलगी आली, तर माय तिला म्हणते, "हाई काय शिकाडस माले? जलमभर चुल्हाच फुका मी."

पिंकीच्या नोकरीचं कळलं, छान. स्लॅब पडला का?

पुढचे तीन महिने जपा म्हणालेत, परत भरती व्हायची भीती याच दिवसांत. अण्णांनी तुला कधी सरळ विचारलं होतं का? काल मायनं विचारलं, "डाक्तरनी माले कितला मार्क दिनात?" सुमी फुटली वाटतं. मी म्हटलं, पास. ती हसली, मग बराच वेळ खोकली.

फोन कर, पण दुपारी. तेव्हा ती झोपलेली असते.

तुझा,
सुन्या