किनाऱ्यावरची विहीर: खोली समुद्रसपाटीपासून मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या किनारी गावांत उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात, ही बातमी आपल्या अंकात वाचली. विषय गंभीर आहे आणि तो मांडलात हे चांगले झाले. पण बातमीच्या शेवटी 'आणखी खोल कूपनलिका' हा जो उपाय सुचवला आहे, तो नेमका उलटा आहे. नागपुरात तो छापून आल्याची जास्त काळजी वाटते, कारण विदर्भातलेही लोक अलिबाग, गुहागर, मालवणकडे जागा घेतात आणि बोअरचे गणित मात्र काटोल-वरूडचे घेऊन जातात. दोनशे फुटांवर लागले नाही तर चारशे, तिथेही नाही तर आठशे! आपल्याकडच्या खडकात खालची एखादी भेग कधीकधी हात देते. किनाऱ्यावर खाली समुद्राचेच पाणी आहे.

समुद्रालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन १,००० किलो, समुद्राच्या पाण्याचे सुमारे १,०२५ किलो. या २५ किलोंच्या फरकावर सगळे तोललेले आहे: १,००० भागिले २५ म्हणजे ४०. विहिरीतली पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. डच लष्करी अभियंता बाडोन गायबेन यांनी १८८०च्या दशकाच्या अखेरीस आणि जर्मन अभियंता हेर्झबर्ग यांनी १९०१मध्ये हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. हेर्झबर्ग यांचे काम नोर्डर्नाय या बेटावरच्या विहिरींवर होते. पावसाचे पाणी किनाऱ्याकडे वाहत राहते आणि समुद्रात निघून जाते, त्या वाहत्या पाण्याचा रेटा खाऱ्या पाण्याला मागे धरून ठेवतो. उपसा वाढला की रेटा कमी होतो.

आता हेच गणित उलटे वाचावे. पातळी फक्त अर्धा मीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खाऱ्या पाण्याची सीमा २० मीटर वर सरकते. ती एका दिवसात सरकत नाही, कधीकधी वर्षे लागतात. म्हणून नवा बोअर एखाद-दोन उन्हाळे छान गोडे पाणी देतो, मालकाचा विश्वास बसतो, शेजारी त्याच खोलीचे चार बोअर घेतात, आणि मग सगळेच एकदम बिघडल्यासारखे दिसतात. बिघाड पहिल्या दिवसापासून चालू असतो.

४०चा आकडा अंदाजापुरता वापरावा. गोडे आणि खारे यांच्यात एक रेषा नसते, मिसळलेल्या पाण्याचा पट्टा असतो. भेगाळ खडकात, भरती-ओहोटीच्या हालचालीमुळे, तो बराच जाड होतो. त्यामुळे हिशेबात ४० मीटर निघाले तरी मचूळपणा त्याच्या कितीतरी वर सुरू होतो. आणि बिघडायला फार पाणी लागत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ते २५० मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १,०००पर्यंत. म्हणजे शंभर लिटरमध्ये समुद्राचे दोन लिटर मिसळले की पहिली मर्यादा ओलांडली, पाच लिटर मिसळले की दुसरीच्या तोंडाशी आलो.

एक गल्लत इथेच दूर करतो, कारण विदर्भात ती वारंवार होते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा या प्रकारात मोडत नाही. तिथले खारेपण त्या गाळाच्या जमिनीतले आणि कमी निचऱ्याचे आहे. अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि अकोला समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरांहून उंच. तिथे ४०चा हिशेब लागू नाही, आणि तिथले उपाय कोकणात लागू नाहीत.

किनाऱ्यावर पंप चालू केला की दुसरी गोष्ट घडते. पंपाखालचा दाब कमी होतो आणि त्याच्या बरोबर खालचे खारे पाणी शंकूसारखे वर उचलले जाते. ही उचल विहिरीचा तळ आणि खाऱ्या पाण्याची सीमा यांच्यातल्या मूळ अंतराच्या सुमारे एक तृतीयांशाच्या आत राहिली तर शंकू स्थिर राहतो. त्यापुढे तो अचानक उसळून थेट बोअरमध्ये येतो. यावरून किती उपसा चालेल याचा ढोबळ हिशेब निघतो, आणि तो खोलीबद्दल सगळ्यात बोलका आहे.

असे समजा, जागा समुद्रसपाटीपासून ६ मीटर उंचीवर आहे आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या अर्धा मीटर वर. म्हणजे खाऱ्या पाण्याची सीमा समुद्रसपाटीखाली २० मीटर, जमिनीपासून २६ मीटर. वाळूतून पाणी दिवसाला १० मीटर या प्रमाणात झिरपते असे धरू. विहिरीचा तळ जमिनीपासून ८ मीटरवर ठेवला, तर सीमेपर्यंत १८ मीटर उरतात आणि रोज सुमारे १ लाख ७० हजार लिटर उपसा सोसतो. तळ १७ मीटरवर नेला, तर ९ मीटर उरतात आणि सोसणारा उपसा ४२ हजार लिटरवर येतो. अंतर निम्मे झाले की उपसा निम्मा होत नाही, पाव होतो. जांभ्यात किंवा बेसाल्टात झिरपा याच्या दहाव्या हिश्श्याइतका असू शकतो, मग आकडेही त्याच प्रमाणात खाली येतात. शिवाय हा हिशेब एकट्या विहिरीचा आहे. शेजारच्या चार विहिरींनी पातळी आधीच उतरवली असेल, तर सुरुवातच कमी अंतरापासून होते. आणि खडकात उभी भेग थेट खालपर्यंत गेलेली असेल, तर सूत्र बाजूलाच राहते; एका भेगेतून खारे पाणी वर येते.

म्हणून किनाऱ्याची चांगली विहीर उथळ आणि रुंद असते. जुन्या कोकणी विहिरी तशाच होत्या. मोठ्या व्यासाच्या विहिरीत पाणी साठून राहते, रहाट किंवा लहान मोटर थोडे थोडे उचलते, पातळी फारशी उतरत नाही. जास्त पाणी लागत असेल तर एक खोल बोअर घेण्यापेक्षा अंतर राखून दोन-तीन उथळ विहिरी घ्याव्यात, किंवा पातळीच्या जरा खाली आडवे जाळीदार पाइप टाकून ते एका विहिरीत सोडावेत. तासाला १० हजार लिटर खेचणारी मोटर दोन तास चालवण्यापेक्षा तासाला १,२०० लिटरची मोटर सतरा तास चालवावी. टाकीत पाणी तेवढेच येते, पण उपशाच्या वेळी पातळी खूपच कमी दबते.

मोजमापाच्या चुका मात्र सर्रास होतात. ४०ने गुणायचे असल्यामुळे पातळीतली १० सेंटीमीटरची चूक सीमेत ४ मीटरची होते. मोबाइलवर दिसणारी उंची पाच मीटरनी सहज चुकते, म्हणजे २०० मीटरची चूक. त्या आकड्यावर बोअरची खोली ठरवू नये. लेव्हल लावून सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कपासून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेली खूण) विहिरीच्या काठाची उंची आणावी. किनाऱ्याजवळच्या विहिरीची पातळी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होते, म्हणून एका नोंदीवर विसंबता येत नाही. साधारण पंचवीस तासांत, म्हणजे दोन भरत्या आणि दोन ओहोट्यांत, दर तासाला पातळी घेऊन सरासरी काढावी. भरतीला विहीर चढली म्हणजे समुद्र आत आला असे नव्हे, बहुतेक वेळा फक्त दाब पोचलेला असतो. आत आलेले पाणी क्षारांवरून कळते.

त्यासाठी काहीशे रुपयांचा क्षार मोजायचा पेन पुरतो, वापरायची पद्धत मात्र नीट हवी. बादलीने वरचे पाणी काढून मोजले तर ते नेहमीच बरे दिसते. मोटर सुरू केल्यावर ५, ३० आणि १२० मिनिटांनी नमुना घ्यावा. आकडा चढत गेला आणि मोटर बंद ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी उतरला, तर ती शंकूची उचल आहे, उपसा कमी करून सुटेल. ऑक्टोबरमध्ये, पावसाळा नुकताच संपलेला असतानाही आकडा चढाच राहिला, तर खाऱ्या पाण्याची सीमा त्या विहिरीला ओलांडून जमिनीकडे सरकली आहे. आणि खाडीकाठचा बांध फुटून खारे पाणी शेतावर साचल्यानंतर बिघाड झाला असेल, तर खारेपण वरून झिरपले आहे. तिथे बांध दुरुस्त करायचा, विहिरीला हात लावायचा नाही. क्लोराइडबरोबर नायट्रेटही वाढलेले असेल तर आधी सेप्टिक टाक्या तपासाव्यात, कारण सांडपाण्यातूनही क्लोराइड वाढते.

समुद्राची पातळी वाढत आहे हे खरे, पण आपल्या बातमीत सगळा दोष तिच्यावर टाकला आहे. किनारी जलधरांना (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थरांना) समुद्रपातळीच्या वाढीपेक्षा उपशाचा धोका जास्त, असे २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने दाखवले आहे. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूर भागात शहरासाठी उपसा सुरू झाला आणि खारे पाणी पुढच्या काही दशकांत दहा किलोमीटरांपेक्षा जास्त आत आले. तिथे कारण उपसाच होता.

कायद्याचे सांगणे इथे आवश्यक आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ साठ मीटर आणि त्याहून जास्त खोलीच्या विहिरीला खोल विहीर मानतो. विदर्भ-मराठवाड्याच्या खडकासाठी ही मर्यादा समजण्यासारखी आहे. वरच्या उदाहरणातल्या जागी मात्र ५५ मीटरचा बोअर या मर्यादेच्या आत राहूनही २९ मीटर खाऱ्या पाण्यात गेलेला असेल. किनारी तालुक्यांत ही मर्यादा जमिनीपासून न धरता समुद्रसपाटीपासून धरायला हवी, आणि ती स्थानिक पातळीच्या मोजमापावर ठरायला हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी जमिनीखाली किती मीटर अशा दिल्या जातात. किनाऱ्यासाठी त्या समुद्रसपाटीच्या वर-खाली अशाही द्याव्यात. तेवढ्यानेही तलाठ्यापासून बोअरवाल्यापर्यंत सगळ्यांना धोका आकड्यात दिसेल.

ज्यांचे बोअर आधीच खारे झाले आहेत, त्यांनी ते तसेच उघडे सोडू नयेत. केसिंग (बोअरमध्ये बसवलेला संरक्षक पाइप) वरच्या मुरमापुरते असते, खाली खडकात भोक उघडे असते, आणि त्यातून खारे पाणी वरच्या गोड्या थरात चढत राहते. खालचा भाग सिमेंटने बुजवावा. एका ५० किलोच्या पोत्यात २५ लिटर पाणी घातले की सुमारे ४१ लिटर रबडी होते. सहा इंची बोअरच्या एका मीटरला सुमारे १८ लिटर लागतात, म्हणजे एका पोत्यात सव्वादोन मीटर. वरच्या उदाहरणातले खालचे २९ मीटर बुजवायला साधारण १३ पोती, आणि भेगांत मुरेल तेवढी आणखी. ही रबडी वरून ओतू नये, पाण्यात विखुरून फुकट जाते. पाइप तळापर्यंत सोडून खालून भरत यावे आणि पाइपाचे टोक सतत रबडीत बुडालेले ठेवावे. एक दिवस थांबून दोरीने खोली तपासावी. रबडी खाली बसली असेल तर पुन्हा भरावी.

वरच्या थरात पाणी वाढवण्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओढ्यावर वनराई बंधारे घालणे आणि छताचे पाणी उथळ विहिरीत सोडणे उपयोगी आहे. १०० चौरस मीटरचे छत २,५०० मिलिमीटर पावसात, गळती वजा जाता, सुमारे दोन लाख लिटर देते. जांभ्यातून पाणी झपाट्याने निघून जाते, म्हणून बंधारा उशिरा घालून उपयोग नाही. आणि एकदा खारावलेला थर एका पावसाळ्यात धुतला जात नाही. बारीक छिद्रांत अडकलेले मीठ वर्षानुवर्षे हळूहळू सुटते.

किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत, विहिरी तळाला गेल्या की, बोअरच्या गाड्या फिरू लागतात. त्याआधी 'आणखी खोल' या सल्ल्याची दुरुस्ती आपण ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
भूजल क्षेत्रातील एक वाचक
नागपूर