दाराला कुलूप म्हणून मत बाद करू नका: ऊसतोड मजुरांसाठी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शिक्षिका. गेल्या वर्षी निवृत्त झाले. शाळेसोबत बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम केलं, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहिते आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या मतदार चिठ्ठ्या वाटायला मी आमच्या गावाशेजारच्या वस्तीवर गेले. पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्यालाही कुलूप. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन बसलेली. आजी आणि ही दोन पोरं मागं राहिली होती, बाकी सगळे दिवाळी करून ऊस तोडायला कारखान्याला गेले होते. चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात तसाच राहिला. नियमाप्रमाणे ज्यांना चिठ्ठी देता आली नाही त्यांची वेगळी यादी करायची असते: गैरहजर, स्थलांतरित, मयत. त्या रात्री मी माझ्या हातानं, मी स्वतः शिकवलेल्या पोरापोरींची नावं त्या यादीत लिहिली. मयत माणसांच्या जोडीला जिवंत, कष्ट करणारी माणसं. ते मला आजही खुपतं.

गरीब माणूस मतदानाला उदासीन असतो, असं शहरात बसून बोललं जातं. साहेब, आमच्याकडे उलट आहे. लोकसभेला १३ मे २०२४ रोजी बीडमध्ये मतदान झालं, तेव्हा हंगाम संपून माणसं गावी आली होती. उन्हाचा कहर होता, तरी सत्तर टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. त्याच वर्षी विधानसभेला मुंबईच्या कुलाब्यात जेमतेम ४४ टक्के झालं. आमच्या बायाबापड्यांना मताची किंमत कळत नाही असं कृपा करून कुणी म्हणू नये. राज्यात दहा लाखांहून जास्त ऊसतोड मजूर आहेत असा अंदाज सगळेच सांगतात. त्यांचं मत गावाला बांधलेलं आणि पोट मात्र सांगली, कोल्हापूर, पुणे, पार बेळगावपर्यंत हिंडतं. अडचण एवढीच आहे.

तारखांचंच बघा. २००९ ला मतदान १३ ऑक्टोबरला झालं, २०१४ ला १५ ऑक्टोबरला, २०१९ ला २१ ऑक्टोबरला. तिन्ही वेळा दिवाळीच्या आधी. ऊसतोडीच्या टोळ्या अजून गावात होत्या. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं, साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला आणि मतदान ठेवलं २० नोव्हेंबरला. हंगामाची तारीख ठरवणारं सरकार आणि मतदानाची तारीख ठरवणारा आयोग यांच्यात कुणीच या माणसांचा विचार केला नाही का? ग्रामपंचायतींचं तर असं कितीदा झालं. १५ जानेवारी २०२१ ला चौदा हजारांवर ग्रामपंचायती, १८ डिसेंबर २०२२ ला सात हजारांवर. ऐन हंगामात, गावात म्हातारे आणि लेकरं असताना. ते काम राज्य निवडणूक आयोगाचं, आपलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण मजुराला दोन आयोगांतला फरक काय सांगायचा?

त्या नोव्हेंबरात मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला होता. ती फडात होती, मागं कोयत्यांचा आवाज येत होता. म्हणाली, "बाई, यायचं कसं? मुकादम म्हणतो खाडा धरीन. दोघांचा दोन दिसाचा खाडा, वर गाडीभाडं. अन् आमच्यापायी टोळी थांबती का?"

खाडा म्हणजे काय हे आपल्या कार्यालयात सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्याकडून, लाखाच्या घरात उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती अंगावर फेडायची. कामावर न गेलेल्या दिवसाला खाडा म्हणतात. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो. आमच्याकडे पाचशेच्या खाली खाडा मी ऐकलेला नाही, हजारही ऐकला आहे.

आता कायदा पाहा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १३५-ख प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवाल्यालासुद्धा. न देणाऱ्या मालकाला दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये. सुट्टी नाकारणाऱ्याला कायद्यानं जो सर्वात मोठा दंड होतो, तेवढा मत द्यायला जाणाऱ्याला एका दिवसाच्या खाड्यात भरावा लागतो. आणि तो पाचशेचा दंड तरी कुणाला करायचा? कारखाना म्हणतो हे आमचे कामगार नाहीत. मुकादम म्हणतो मी मालक नाही. मजुरी टनावर, हजेरीपट नाही. एका दिवसाच्या सुट्टीनं तरी काय होणार, कोल्हापूरहून गावी येऊन परत जायला दोन दिवस मोडतात.

तरीही बरेच जण येतात. उमेदवार गाड्या पाठवतात, जेवणखाण, खाड्याची भरपाई सगळं बघतात. मतदारांना वाहनानं आणणं हा याच अधिनियमात भ्रष्टाचार ठरवलेला आहे आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. मी त्या मजुरांना दोष देणार नाही. ज्याच्या गाडीत बसून आलो त्याच्या शब्दाबाहेर मत कसं द्यायचं, हा दबाव मात्र खरा आहे.

उपाय नाहीत असं नाही. काश्मीरमधून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत विशेष मतदान केंद्रं उघडली जातात. सैनिकांना टपाली मत आहे. पंचाऐंशी वर्षांवरच्यांच्या घरी पेटी जाते, हे फार चांगलं झालं. २०२२ च्या डिसेंबरात स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आयोगानंच जाहीर केला होता, पक्षांच्या आक्षेपांनंतर तो विषय पुढे सरकला नाही. यंत्राची वाट बघायचीही गरज नाही. १९५१ च्याच अधिनियमाच्या कलम ६०(ग) खाली आयोग सरकारशी सल्लामसलत करून एखाद्या वर्गाला टपाली मताचा हक्क देऊ शकतो. ऊसतोड मजुरांना असा वर्ग म्हणून अधिसूचित करा आणि कारखान्याच्या कार्यस्थळावर टपाली मतदानाचं सुविधा केंद्र उघडा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या ओळखपत्रांसाठी ग्रामसेवकांनी गावोगाव नोंदी केल्या आहेत. सुरुवातीला तेवढी यादी पुरेल.

आणखी एक, बीएलओ म्हणून कळकळीनं सांगते. बिहारात २०२५ च्या मतदार यादी पुनरीक्षणात (फेरतपासणीत) मसुदा यादीतून ६५ लाख नावं गेली. त्यातला सर्वात मोठा भाग कायमचे स्थलांतरित आणि घरी न सापडलेल्यांचा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चं कलम २० स्पष्ट म्हणतं की तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणूस तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. पण कुलपासमोर उभ्या असलेल्या बीएलओच्या हातात ते कलम नसतं, रकाना असतो. आमच्याकडे घरोघर पडताळणी करायची तर ती मे-जूनमध्ये ठेवा. नोव्हेंबरात ठेवलीत तर आमचे तांडे, वाड्या, वस्त्या यादीतून पुसल्या जातील.

सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ ला झाली, म्हणजे मुदत २०२९ च्या डिसेंबरात संपते. मुदतीआधीच्या सहा महिन्यांत कधीही मतदान घेता येतं. दिवाळीच्या आत घ्या. आयोगाकडे आपला अहवाल जाईल तेव्हा त्यात पाऊसपाणी, परीक्षा, सणवार यांच्याबरोबर गाळप हंगामाची एक ओळ असू द्या.

त्या वस्तीवरच्या न वाटलेल्या चिठ्ठ्या मी नियमाप्रमाणे परत जमा केल्या. एकोणसाठ होत्या.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, बीड जिल्हा