‘आवाज आढळला नाही’ असा शेरा मारून बंद केलेल्या तक्रारीबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय: वॉरंटीतील गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने येणारा आवाज, तक्रार पुन्हा उघडून कारण शोधण्याबाबत.

महोदय,

आपल्या सर्व्हिस सेंटरने माझी तक्रार पुन्हा एकदा ‘सोडवली’ आहे. तसा मेसेज आला आणि मागोमाग ‘आमच्या सेवेला 10 पैकी किती गुण द्याल’ असे विचारणारा फोनही आला. आवाज मात्र होता तिथेच आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे पाठवत आहे.

आवाज कसा आहे ते आधी नीट सांगते, कारण एकाही जॉब कार्डवर ते नीट उतरलेले नाही. मी कितीही सविस्तर सांगितले तरी कार्डवर ‘फ्रंट नॉइज चेक’ एवढेच टाइप होते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या काही किलोमीटरमध्ये, वेग ताशी 10 ते 20 किलोमीटर असताना, पुढचे एकच चाक खड्ड्यात उतरले किंवा उंचवट्यावर चढले की डावीकडून, पायाच्या पातळीवरून, ‘खट्’ असा कोरडा ठोका ऐकू येतो. दोन्ही चाके एकदम स्पीड ब्रेकरवरून गेली तर येत नाही. गाडी जागेवर उभी करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले तरी येत नाही. ब्रेकवर पाय हलकेच टेकवून त्याच खड्ड्यातून गाडी नेली तरी आवाज तसाच, तेव्हा ब्रेक पॅड हलत असण्याची शक्यता कमी. गिअर न्यूट्रलला टाकून गाडी नुसती पुढे जाऊ दिली तरी येतो, म्हणजे इंजिनाचा संबंध दिसत नाही. गाडी अर्धा तास चालली की आवाज दबतो, कधी पूर्ण नाहीसा होतो.

मी मेकॅनिक नाही, पण एवढ्या खाणाखुणा हातात आल्यावर शोध कुठून सुरू करायचा हे त्या कामातल्या माणसाला सांगावे लागू नये. दोन चाके वेगवेगळी वर-खाली झाली तरच स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, पीळ बसतो. दोन्ही एकदम उचलली गेली तर बार आपल्या बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी तुकड्यांत, नुसता फिरतो. गार रबर कडक असते आणि तापले की नरम पडते. तेव्हा लिंक रॉड (बारचे टोक चाकाच्या बाजूला जोडणारी काडी), स्टॅबिलायझरचे बुश आणि लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश हे पहिले संशयित, बॉल जॉइंट (तो आर्म चाकाकडे जोडणारा गोल सांधा) आणि स्ट्रट माउंट (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे टोक धरणारा भाग) त्यानंतरचे. माझा अंदाज चुकीचा असू शकेल. तो चुकीचा आहे हे तपासून सांगा, एवढेच म्हणणे आहे.

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. गाडी सकाळी जमा होते आणि नंबर लागेपर्यंत दुपार होते. मागच्या खेपेला मी हट्टाने ट्रायलला सोबत बसले. टेक्निशियनने एसीचा ब्लोअर तिसऱ्यावर ठेवला होता, रेडिओही सुरू होता. तो मीच बंद केला. सर्व्हिस सेंटरसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारली, वेग कुठेही 40 च्या खाली आला नाही. परत आल्यावर ‘मॅडम, काहीच नाही’. मग मी मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग ऐकवले. शेजारी हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. अ‍ॅडव्हायझरनी एका कानात बोट घालून दुसऱ्याला फोन लावला आणि मान हलवली. मोबाइल बोलणे स्पष्ट यावे म्हणून आजूबाजूचा गोंगाट स्वतःच दाबतो, त्यात असला ठोका निम्माअधिक गाळला जातो, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर रेकॉर्डिंगपेक्षा सकाळी गाडीत बसा, असे मी म्हणत होते. पहाटे ताप चढणाऱ्या रोग्याला दुपारी थर्मामीटर लावून ‘ठणठणीत’ असे लिहून द्यावे, तसा तो ‘आवाज आढळला नाही’ हा शेरा आहे.

त्याच दिवशी वर्क्स मॅनेजर म्हणाले, ‘या मॉडेलला एवढा आवाज असतोच, नॉर्मल आहे.’ आता यातले खरे काय धरायचे? जो आवाज कुणाला आढळलाच नाही, तो नॉर्मल आहे हे कसे ठरले? आणि असतोच म्हणता, तर याच मॉडेलची दुसरी गाडी त्याच रस्त्यावरून, तशीच गार असताना चालवून दाखवा. तिच्यातून असाच ठोका आला तर या मुद्द्यावर मी पुन्हा शब्द काढणार नाही. मी तशी मागणी केली, तेव्हा डेमोची गाडी उपलब्ध नसल्याचे सांगण्यात आले. ती आजही उपलब्ध झालेली दिसत नाही.

आतापर्यंत काम झालेच नाही असे म्हणणार नाही. एकदा डाव्या बाजूची लिंक रॉड वॉरंटीत बदलली. आवाज गेला, थोडे दिवस बरे गेले आणि परत आला. एकदा बुशवर स्प्रे मारला, तेव्हाही हेच. स्प्रेने आवाज थांबतो, कारण तसेच राहते. तो स्प्रे सिलिकॉनचा होता की तेलाचा, हेही कार्डवर नाही. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि खराब होते, तेव्हा ही माहिती मी उगाच मागत नाही.

खरी शंका पुढची आहे. एका कार्डवर ‘सस्पेंशनचे सर्व बोल्ट टाइट केले’ अशी नोंद आहे. ते गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना केले, की गाडीचे वजन चाकांवर ठेवून? लोअर आर्मचा बुश दोन्हीकडून धातूला घट्ट धरलेला असतो. चाक खाली लोंबत असताना बोल्ट आवळला की गाडी जमिनीवर टेकताच तो बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. असे झाले असेल तर दुरुस्तीनेच नवे दुखणे जोडले गेले आहे. तपासणीचेही तेच. लिफ्टवर दोन्ही चाके सारखीच लोंबत असतात, लिंक रॉडवर रस्त्यासारखा भार नसतो आणि बारीक ढिलेपणा हाताला लागत नाही. मी काचेतून पाहत होते. पोराने पहारीने दोन-तीनदा रेटून पाहिले आणि अंगठा वर केला.

ठोका गाडीच्या सांगाड्यातून प्रवास करतो, त्यामुळे कानाला जिथे वाटतो तिथेच तो उगम पावतो असे नसते. यासाठी संशय असलेल्या प्रत्येक भागाला चिमट्याने छोटे मायक्रोफोन लावून, गाडी चालवताना हेडफोनवर एकेक भाग ऐकण्याची उपकरणे मिळतात. आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते आहे का असे विचारले, तेव्हा उत्तर आले, ‘कंपनीचा इंजिनिअर आला की बघू.’ तो इंजिनिअर कधी येणार, हे फक्त आपणच सांगू शकता.

माझी घाई वॉरंटीसाठी आहे. मुदत संपत आली आहे, आणि ‘अजून थोडी चालवून बघा, आवाज वाढला की या’ हा सल्ला मला प्रत्येक वेळी मिळतो. आवाज वाढेल तोवर मुदत संपलेली असेल आणि तेव्हा बुश हा ‘झिजणारा भाग’ ठरेल. म्हणून ही तक्रार वॉरंटीच्या मुदतीत नोंदवलेली आहे आणि तिचे कारण मुदतीनंतर सापडले तरी दुरुस्ती वॉरंटीतच होईल, असे मला कंपनीच्या लेटरहेडवर हवे आहे. तोंडी ‘काळजी करू नका’ पुरेसे मिळाले आहे.

दुसरे, गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवते. सकाळी इंजिन गार असताना आपला इंजिनिअर माझ्यासोबत बसावा, चालवणारी मी आणि रस्ता मी सांगेन तो. आवाज सापडला तर कुठला भाग, कशाने, हे लिहून द्यावे. सापडून ‘नॉर्मल’ ठरला तर तसेही लिहून द्यावे, आणि गाडी चालवण्यास सुरक्षित असल्याचे त्याखाली सहीनिशी नमूद करावे. बॉल जॉइंट ढिला असेल तर प्रश्न नुसत्या कटकटीचा राहत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.

सर्व जॉब कार्डांच्या प्रती आणि रेकॉर्डिंग सोबत पाठवत आहे. रेकॉर्डिंग ऐकताना हेडफोन लावावा. पंधरा दिवसांत तारीख कळवावी. त्या दिवशी जॉब कार्डवर तक्रार या पत्रातल्या शब्दांत लिहिली गेली, तरच मी त्यावर सही करेन.

आपली,
एक गाडीमालक ग्राहक