कोरियन नावांचा गोंधळ

महोदय,
महिला गोल्फच्या बातम्यांत कोरियन नावे हमखास उलटीपालटी होतात. तिकडे आडनाव आधी येते. 2020 साली कोरिया महिला ओपन जिंकून बक्षिसाचे सगळे 25 कोटी वॉन दान करणाऱ्या खेळाडूचे आडनाव र्‍यू, नाव सो-यन. मथळ्यात मात्र 'सो-यन'लाच आडनाव करून टाकतात! 2013 ची विजेती जन इन-जी इंग्रजीत 'चुन' होते; मग एकीच्या दोघी होतात. 2015 ची पार्क संग-ह्यून आणि 2021 ची पार्क मिन-जी या बहिणी नव्हेत. तिथे पार्क म्हणजे आपल्याकडचे पाटील. नावे इतकी सारखी, की कोरियन संघटना नावामागे आकडाच लावते. 2019 ची अमेरिकन महिला ओपन गोल्फ विजेती ली जंग-उन तिथे 'ली जंग-उन 6' आहे. तो 6 छपाईची चूक समजून खोडू नये.

धावसंख्येसारखा नुसता फटक्यांचा आकडा, 269, छापू नका. चार दिवस, 72 होल, पार (म्हणजे अपेक्षित फटके) 288. म्हणून 2022 च्या कोरिया महिला ओपनमध्ये विजेत्या इम ही-जंगचा निकाल उणे 19, म्हणजे पारपेक्षा 19 फटके कमी. पार दिला नाही तर आकडा मुका राहतो.

कोरिया आपल्यापुढे साडेतीन तास आहे. रविवारी तिथे चारला खेळ संपला तरी इथे साडेबाराच वाजलेले असतात. मग खारघरच्या गोल्फ कोर्सवर खेळणाऱ्यांना निकाल मंगळवारच्या अंकात का?

— एक वाचक, खारघर, नवी मुंबई