ओझर ते सोनेगाव, वेळ नेमका कुठे जातो?

संपादक महोदय,
नाशिकहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो असं विचारलं की प्रत्येकजण वेगळंच सांगतो. सरळ रेषेत ओझर, म्हणजे नाशिकचा विमानतळ, ते नागपूर साधारण 545 किलोमीटर, रेल्वेने हेच 650 च्या आसपास. एटीआर 72 हे पंख्याचं छोटं विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं म्हणजे हवेत तासाभराहून थोडं जास्त, पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जाऊन उभं राहीपर्यंतची असते म्हणून ती जास्त दिसते, आणि लोकांना वाटतं विमान फिरवून नेतात की काय!

खरा वेळ खातो तो रस्ता. परवा आईला सोडायला गेलो तर नाशिकच्या द्वारका चौकातच दहा मिनिटं नुसते उभे, आईच्या मांडीवर नातवंडांसाठी घेतलेली द्राक्षाची पेटी आणि ती दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतेय. नागपूरकरांचं बरंय, सोनेगावच्या विमानतळावर उतरलं की शहर जवळच. तरी रात्रभर ट्रेनमध्ये अंग आखडून जाण्यापेक्षा आईला हेच आवडलं. फक्त ओझरला विमानाच्या टायमिंगला जुळेल अशी सिटी बस नीट चालवा, रिक्षावाले सांगतील तो आकडा परवडत नाही हो.

- एक वाचक, नाशिक